दाराची मूठ मोडली तर…

खोपोलीपासून कर्जतपर्यंत गेल्या काही वर्षांत जी नवी घरं उभी राहिली, त्यांची दारं पाहिलीत का? पांढरीशुभ्र, गुळगुळीत, ना रंधा ना रंग. आमच्या कुंभिवलीतही आता अशी दारं दिसू लागली आहेत. आणि का नाही दिसणार? लाकडी दार म्हटलं की पावसाळ्याचे चार महिने त्याच्याशी कुस्ती ठरलेली! आषाढात ते फुगतं, श्रावणात सुतार रंधा मारून जातो, आणि मार्गशीर्षात त्याच दाराच्या फटीतून गार वारा येऊ लागतो. वाळवीचं तर बोलायलाच नको. तेव्हा ‘यूपीव्हीसीची दारं बसवू या’ असं कुणी म्हटलं की आपण गृहिणी पटकन होकार देतो.

तो चुकीचाही नसतो. हे पीव्हीसी म्हणजे आपल्या पाण्याच्या पाइपांचंच भावंड. रेनकोट किंवा रेक्झिन मऊ व्हावं म्हणून त्या पीव्हीसीत एक द्रव मिसळतात. तो न मिसळता टणक ठेवलं ते यूपीव्हीसी. त्याच्या खिडक्या १९५० च्या दशकात जर्मनीत बनू लागल्या. ते पाण्याने फुगत नाही, कुजत नाही, वाळवी त्याला तोंड लावत नाही. पोकळ चौकटीला जोर यावा म्हणून आत लोखंडी पट्टी घातलेली असते.

असं हे दार वर्षानुवर्षं टिकतं. मोडते ती त्याची मूठ. म्हणजे हँडल हो! आणि इथेच आपली पंचाईत होते. कडी-कोयंडा मोडला तर काय करायचं हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. पण हँडल मोडलं की आपण नुसत्या बघत राहतो. हे संध्याकाळी कामावरून येणार, मग फोनाफोनी, मग मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणणार. आणि तो उद्या कधी उजाडेल ते त्यालाच ठाऊक! आला की दाराकडे एकदा बघून सांगतो, “बाई, याचा पार्ट मिळत नाही. अख्खं कुलूपच बदला, नाहीतर दारच.”

त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. दार बदलायचं म्हणजे हजारांची गोष्ट, हँडलचं काम बहुतेक वेळा शेकड्यांत होतं. शिवाय हाती एक पट्टी आणि एक पेचकस असला, तर ते काम तुम्ही-आम्हीसुद्धा करू शकतो. फक्त आत काय असतं ते एकदा समजून घ्यायला हवं.

जुनी कडी एकाच जागी अडकायची. या दारांचं तसं नसतं. दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक धातूची पट्टी बसवलेली दिसेल. मुठीतून एक चौकोनी दांडी आरपार जाते, तिला स्पिंडल म्हणतात. मूठ फिरवली की ही दांडी फिरते, दांडीमुळे आतली दातेरी पेटी फिरते आणि पट्टीवरच्या तीन-चार जिभा एकाच वेळी चौकटीत शिरतात. पुष्कळ दारांत तर मूठ आधी वर उचलावी लागते, मगच किल्ली फिरते. दार रबराच्या पट्टीवर सगळीकडून घट्ट दाबलं जावं, म्हणून ही सगळी योजना. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा घट्ट लागणारं दार म्हणजे काय चीज आहे ते आपल्या जिल्ह्याला चांगलंच समजलं.

पण याचाच दुसरा अर्थ असा, की लागलेल्या दाराची मूठ निकामी झाली तर ते तीन-चार ठिकाणी अडकलेलं असतं. धक्का मारून उघडत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी जुलैतल्या दुपारी सासूबाई वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या गॅलरीत गेल्या. पावसाची झड आली म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरची मूठ फिरवली, तर ती नुसतीच गरगर फिरली. वय चौऱ्याहत्तर, अंगावर पाऊस, सून खोपोलीला बाजारात गेलेली. दोन तास त्या तिथे भिजत उभ्या होत्या. आतून दार उघडलं ते सून आल्यावर. वाईट याचं वाटतं, की ती मूठ महिनाभर खिळखिळी झालेली होती. येता-जाता सगळ्यांना दिसत होती. पण दार उघडतंय ना, मग चाललंय ते चालू द्या!

म्हणून मूठ पूर्ण मोडायची वाट पाहू नये. ती आधी बरेच दिवस सांगत असते. मूठ सोडल्यावर आडवी न राहता खाली लोंबायला लागली, तर आतली स्प्रिंग गेली किंवा स्क्रू सैल झाले. स्क्रू आवळूनही लोंबत असेल तर हँडल बदलायला झालं. मूठ फिरते पण जिभा हलत नाहीत, असं असेल तर एकतर स्पिंडल झिजलेलं असतं, नाहीतर आतली पेटी मोडलेली. हे ओळखणं सोपं आहे. दार उघडं ठेवून हँडल काढा आणि उघड्या दांडीला पक्कड लावून ती फिरवा. जिभा हलल्या तर पेटी शाबूत आहे, खर्च हँडलचाच. नाही हलल्या तर पेटी गेली. ते काम मात्र फिटरचं.

हीच युक्ती अडीअडचणीलाही उपयोगी पडते बरं का! हँडल तुटून पडलं आणि दार बंद आहे, अशा वेळी भोकातून दिसणारी चौकोनी दांडी पकडीने धरून फिरवली, तर पुष्कळदा दार उघडतं. पक्कड मात्र घरात हवी आणि कुठे आहे ते सासूबाईंपासून मुलांपर्यंत सगळ्यांना माहीत हवं.

आता मूठ जड जाते, दोन्ही हातांनी दाबावी लागते, ही तक्रार घ्या. इथे बहुतेकजणी फसतात. नवीन हँडल आणतात आणि तेही पंधरा दिवसांत तसंच जड होतं. आधी एवढंच करून बघा : दार उघडं ठेवून मूठ फिरवा. उघड्या दारात ती लोण्यासारखी फिरते आणि बंद दारातच अडते, असं असेल तर दोष मुठीचा नाहीच. दार खाली बसलंय आणि जिभा चौकटीतल्या खाचांसमोर येत नाहीत. बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून दार उचलून घ्यावं लागतं. तुम्ही मात्र जोर लावत राहिलात तर आज ना उद्या मूठ मोडणारच, आणि आळ येईल मुठीवर!

उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. पाण्याने न फुगणारं हे दार उन्हाने मात्र वाढतं. दोन मीटर उंचीच्या दारात वीस अंशांच्या फरकाने दोन-तीन मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. गडद रंगाचं, पश्चिमेकडचं दार मे महिन्याच्या दुपारी अडतं आणि सकाळी सुतासारखं चालतं, ते यामुळे. तेव्हा तपासणी सकाळी करा.

हँडलच बदलायचं ठरलं तर दुकानात जाण्याआधी मापं हवीत. ‘यूपीव्हीसीचं हँडल द्या’ एवढं सांगून चालत नाही. शंभर तऱ्हेची असतात. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. शिवणाची टेप नको, ती ताणली जाते आणि इथे दोन मिलिमीटरनेही काम बिघडतं. सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे चौकोनी दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या वरच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते ९२, ८५, ७० किंवा ६८ मिलिमीटर, असं काहीतरी येईल. दुसरं माप हँडलच्या वरच्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचं. ही दोन जुळली की निम्मी लढाई जिंकली. मग दांडीची जाडी : दारांना साधारण ८ आणि खिडक्यांना ७ मिलिमीटर असते. ७ ची दांडी ८ च्या भोकात बसते खरी, पण खुळखुळते आणि झिजवते. दाराची जाडीही मोजून घ्या, कारण स्क्रू आणि दांडी तेवढी लांब हवी. मागची पट्टी जुन्यापेक्षा लहान घेऊ नका. पांढऱ्या दारावर जुन्या पट्टीचा ठसा उठलेला असतो, तो कायम डोळ्यांत खुपतो.

मापं घेण्याचा कंटाळा आला तर पहिलीतल्या मुलांचा खेळ करा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना? तसाच कागद हँडलच्या पट्टीवर धरून पेन्सिल घासा. पट्टीची कड, स्क्रूच्या जागा, किल्लीचं भोक, सगळं कागदावर उमटतं. मी माझ्या वर्गात हा खेळ घेते, तेव्हा घरी काय काय घासून बघितलं याच्या हकिकती दुसऱ्या दिवशी ऐकाव्या लागतात! शक्य असेल तर मोडकं हँडलच पिशवीत घालून न्या, त्याच्यासारखा पुरावा नाही. आणि दाराचा आतून एक, बाहेरून एक असे दोन फोटो काढून ठेवा, कारण काही हँडलं डावी-उजवी असतात. दुकानदार ‘डावं का उजवं?’ विचारतो, आणि बाहेरून डावं ते आतून उजवं! फोटो दाखवला की वाद मिटतो.

दुकानात एकसारखी चकचकीत दहा हँडलं समोर येतात. खिशात फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक ठेवा. चुंबक घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. आपल्या पावसात ते गंजायला वेळ लागणार नाही. चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक फारसं चिकटत नाही. जस्ताच्या मिश्रधातूला आणि ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही, म्हणून ही परीक्षा अर्धीच आहे. उरलेली अर्धी हातात घेऊन करायची. फार हलकं, पातळ, मुठीच्या मुळाशी खुळखुळणारं हँडल परत ठेवा. बाथरूमजवळच्या किंवा बाहेरच्या दाराला माझी पसंती स्टीलच्या हँडलला, किंवा जाड पावडर कोटिंगच्या ॲल्युमिनियमला. सोनेरी मुलाम्याचा मोह होतो खरा, पण दिवाळीच्या दोन साफसफाया झाल्या की सोनं उतरतं.

आकाराकडे आपण बायकांनी नीट बघायला हवं, कारण दुकानातले पुरुष त्याचा विचार करत नाहीत. ज्या मुठीचं टोक दाराकडे वळलेलं असतं तीच घ्या. सरळ, टोकदार मुठीत पदर अडकतो, ओढणी अडकते. हातात गरम पातेलं असताना ओढणी अडकली तर काय होईल, याची कल्पना करा. गोल गोळ्यासारखी मूठ दिसायला सुरेख. पण संधिवाताच्या बोटांना आणि साबणाच्या हातांना ती वळत नाही. आडवी लांब मूठ कोपरानेही उघडते, कडेवर मूल असलं तरी.

गॅलरीच्या दाराला बाहेरूनही मूठ आहे ना, ते बघा. काही दारांना बाहेर नुसती पट्टी असते. चोरासाठी म्हणून ती व्यवस्था. पण चालायला लागलेलं मूल आतून मूठ फिरवून आईला बाहेर कोंडू शकतं! मुख्य दाराला शक्य असेल तर बाहेरून किल्ली आणि आतून फिरवायची चावी असलेलं सिलिंडर घ्या. दोन्ही बाजूंनी किल्लीच लागणारं कुलूप लावून, किल्ली रात्री उशाखाली ठेवून झोपायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. गॅसचा वास आला किंवा वायरिंग पेटलं, तर अंधारात किल्ली शोधायची का? दाराला काच असेल तर ती फोडून चोर चावी फिरवील, हा आक्षेप खरा आहे. मग तिथे आतून जाळीचं दार लावा, पण घरातल्या माणसाला बिनकिल्लीचं बाहेर पडता आलंच पाहिजे. बाथरूमसाठी बाहेरून नाण्याने उघडता येणारं कुलूप मिळतं. वडीलधारं माणूस आत घसरलं तर त्याची किंमत कळते.

बसवण्याचं काम पाऊण तासाचं. दुपारी मुलं शाळेत असताना नको, मदतीला एक माणूस हवं. दार पूर्ण उघडून खाली पाचर किंवा जाडं पुस्तक सरकवा; काम संपेपर्यंत ते लावायचं नाही. जमिनीवर जुनी चादर, स्क्रूसाठी एक वाटी. आतल्या बाजूचे दोन स्क्रू सोडवायला लागलात की बाहेरचं हँडल कुणीतरी धरून ठेवा, नाहीतर शेवटचा स्क्रू सुटताच ते धाडकन फरशीवर! दोन्ही बाजू काढा, दांडी ओढून काढा, पट्टीखाली साठलेली माती ओल्या फडक्याने पुसा. नवी दांडी, नवं हँडल बसवा आणि दोन्ही स्क्रू आधी नुसत्या हाताने, मग थोडा वरचा, थोडा खालचा असे आळीपाळीने आवळा. खूप आवळायचे नाहीत. पट्टी वाकली की मूठ आत घासते आणि परत येत नाही. आता दार उघडंच ठेवून मूठ दहा वेळा फिरवा, किल्ली दोन्ही बाजूंनी लावून बघा. सगळं मनासारखं झालं की एकाने आत, एकाने किल्ली घेऊन बाहेर राहावं, आणि मगच दार लावावं.

भोकं जुळली नाहीत तर? हँडल परत करा. कुणी म्हणेल, ‘ड्रिल मारून देतो की, काय त्यात!’ मारू देऊ नका. पट्टीमागे कुलपाची पेटी आहे; स्क्रू भलत्या जागी घुसला तर सगळा गाडा अडतो. आतल्या लोखंडी पट्टीला भोक पडलं की पाणी शिरून गंज सुरू होतो तो वेगळाच. मोडलेली मूठ चिकटवायचा प्रयोगही करू नये. गोंद आत ओघळतो आणि स्वस्तातलं काम महागात पडतं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भागात शनिवार-रविवारपुरती उघडणारी बंगले-फार्महाऊस पुष्कळ. आठवडाभर त्यांच्या किल्ल्या आपल्याच गावातल्या बायकांकडे असतात. झाडलोट त्या करतात, दारंखिडक्या त्या उघडतात. एखादी मूठ तिच्या हातात आली की ‘हिने मोडली’ असं म्हणून पगारातून पैसे कापायला लोक कमी करत नाहीत. तुटलेली जागा नीट बघा. आत करड्या रंगाची, साखरेसारखी रवाळ धातू दिसली तर ते ओतीव जस्ताचं हँडल. त्यात फट असेल तर कुणाच्याही हातात तुटलं असतं. महिनाभर बंद राहिलेलं दार पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या हातात तुटलं, एवढाच तिचा गुन्हा. मालकीणबाई हे वाचत असतील तर त्यांनी पैसे कापण्याआधी तो तुकडा हातात घेऊन बघावा.

मूठ टिकवायची असेल तर तिच्यावर दप्तर, भाजीची पिशवी, ओली छत्री अडकवणं बंद. स्प्रिंग वाट्टेल तेवढा भार घेत नाही. पुसायला साबणाचं पाणी पुरे. फरशीवर ॲसिड टाकून घासता तेव्हा त्याची वाफ आणि शिंतोडे मुठीला खातात. थिनरने दाराची तकाकी जाते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन वेळा कडेच्या पट्टीवर आणि जिभांवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडा. खोबरेल तेल नको! ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि आपल्याकडे पौषातल्या सकाळी कुलूप चिकटून बसतं. किल्लीच्या भोकात तर कुठलंच तेल नको, धूळ धरून बसतं. तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला चोळून किल्ली चार वेळा आतबाहेर केली की झालं.

कर्जत-खोपोलीकडे नव्या इमारतींत ज्यांनी फ्लॅट घेतलेत, त्यांच्यासाठी थोडी कायद्याची माहिती. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामात किंवा दर्जात दोष आढळला आणि तो बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्याची असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ मध्ये ही तरतूद आहे. दप्तर अडकवून मोडलेल्या मुठीला हे लागू होणार नाही हे उघड आहे. पण दारच वाकडं बसवलंय, सगळ्या मजल्यांवर तीच तक्रार आहे, तर चार शेजारणींनी मिळून लेखी पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. बाजारातून हँडल आणाल तेव्हाही पक्कं बिल मागा. फॅक्टरीवाले दाराच्या प्लॅस्टिकची हमी बहुधा लांबलचक देतात आणि हँडल-कुलपाची थोडकी. ती किती, हे दार घेतानाच विचारून लिहून घ्यावं.

आणि एकदा मापं घेतलीत ना, की ती कागदाच्या चिटोऱ्यावर ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून जिथे गॅसवाल्याचा नंबर चिकटवलाय, तिथेच खाली लिहून ठेवा : पुढचं दार, मागचं दार, गॅलरी, आणि प्रत्येकासमोर दांडी ते किल्ली, स्क्रू ते स्क्रू, दांडीची जाडी. जुन्या हँडलातली दांडी धड असेल तर तीही एका पुडीत बांधून पकडीशेजारी ठेवा.